करवतीचे दात आणि खान्देशची चाकं

वीकेंडला करायचं काय, हा प्रश्न आपल्या पिढीने आपापल्या परीने सोडवलाय. कुणी पॉटरीच्या क्लासला जातं, कुणी घरी ब्रेड भाजतं आणि उरलेले रात्री दोन वाजेपर्यंत सुतारकामाचे व्हिडिओ बघत बसतात. तुम्ही या तिसऱ्या गटातले असाल, तर तुमची गाडीही बहुधा याच स्टेशनवर अडली असेल. मशीन पसंत पडलंय, ऑनलाइन कार्टमध्ये टाकलंय. आणि त्याखाली ब्लेड्स अन् राउटर बिट्सची न संपणारी यादी. 24 दात की 60? 6 मिलिमीटर की पाव इंच? आणि सांधा कुठला, हाफ लॅप की डोव्हटेल? डोकं गरगरतं, कार्ट तशीच पडून राहते.

माझं ऐका, लॅपटॉप बंद करा आणि जळगावचं तिकीट काढा.

जळगाव? तिथे तर सोनं, केळी आणि भरीत! बरोबर. (केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, हा विनोद तिथे कुणालाही सांगू नका. सगळ्यांना माहीत असतो.) पण जळगावहून धुळ्याला जाणारा 90-95 किलोमीटरचा रस्ता हा शिकाऊ सुतारासाठी एक चालताबोलता वर्ग आहे, हे मला तिथे भटकताना कळलं. कॅटलॉग तुम्हाला आधी ब्लेड विकतो, मग बिट, मग सांधा शिकवतो, आणि लाकडाचं नाव सगळ्यात शेवटी घेतो. खान्देशात हा क्रम बरोब्बर उलटा आहे. आधी लाकूड. मग त्याला जोडायचं कसं. आणि मग कापायचं कशाने.

सुरुवात रथापासून करू. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासून. जुन्या जळगावातल्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं आणि मधोमध हा उंचच उंच लाकडी डोलारा. याला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. वळवायचा किंवा थांबवायचा तर चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवायची. मोगरी लावणारे लोक चाकाच्या अगदी जवळून चालत असतात, नजर फक्त चाकाच्या कडेवर. एवढं ओझं शेवटी लाकडाच्या एका पाचरीवर येऊन थांबतं, हे एकदा डोळ्यांनी बघाच. त्यानंतर 'लाकूड म्हणजे नाजूक प्रकरण, स्टीलचं काहीतरी घेऊ' असं कुणी म्हटलं की हसू येतं. पारोळ्याला आणि धुळ्याला बालाजीचा रथ असतो. थोडक्यात, हा सगळा पट्टाच चाकांचा.

डिंक नाही, खिळा नाही

जळगाव सोडलं की बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची, मग पाळधी, एरंडोल, पारोळा. वाटेत एखाद्या गावात, वापरातून गेलेलं बैलगाडीचं लाकडी चाक भिंतीला टेकवलेलं दिसेल. आता सगळीकडे रबरी टायरच्या गाड्या. जुनी चाकं हायवेवरच्या हॉटेलांत शोभेला गेली, तिथे त्यांच्यावर बल्ब लावतात. चाक बनवणारे हात मात्र आता दारं-खिडक्या आणि प्लायवूडच्या कपाटांकडे वळलेत. हे मला चुटपुट लावून गेलं, कारण त्या चाकाइतका हुशार सांधा मी कुठल्याही व्हिडिओत बघितलेला नाही.

चाकाच्या मधोमध तुंबा, म्हणजे जाड गाभा. त्यात चारी बाजूंनी भोकं. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला कुसू तासलेलं. कुसू म्हणजे भोकात जाणारी जीभ. भोक आणि कुसू मिळून तो आपला सुप्रसिद्ध 'मॉर्टिस अँड टेनन'. आऱ्यांची दुसरी टोकं बाहेरच्या वक्र तुकड्यांमध्ये बसवलेली. आणि या सगळ्यावर लोखंडाची धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. भट्टीत तापवून लाल केली की ती प्रसरण पावते. तशी गरमागरम चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज, धुराचा लोट, आणि थंड होताना आकसणारी धाव चाकातला एकेक सांधा आत ओढून घेते. ना डिंक, ना खिळा.

आणि यातही एक गोम आहे. मे महिन्यात खान्देशात पारा 44-45 च्या घरात जातो. लाकूड वाळतं, आकसतं, चाक ढिलं पडतं. मग चाकं पाण्यात भिजवायची, म्हणजे लाकूड फुगून पुन्हा घट्ट. पावसाळ्यात फुगणं, उन्हाळ्यात आकसणं हा लाकडाचा श्वासच आहे. तो थांबवता येत नाही, त्याला जागा करून द्यावी लागते. त्यातही लाकूड रेषेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ बदलतच नाही. जे काही बदलतं ते रुंदीत. फूटभर रुंदीची सागाची फळी हवामानातल्या चढउताराने अंदाजे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं ना? तेवढ्यावर टेबलाचा टॉप उभा तडकतो.

म्हणून जुन्या दारांकडे नीट बघा. खान्देशातल्या धाब्याच्या घरांत (मातीचं सपाट छत, खाली खांब, तुळया आणि कडीपाट, बाहेर रणरण असली तरी आत गारवा) दाराची मधली फळी चौकटीतल्या खाचेत नुसती सरकवलेली सापडेल. खाचेत तिला हलायला जागा असते. चौकट मात्र कुसू-भोकाने पक्की. मजबूत कुठे राहायचं आणि सैल कुठे, एवढं समजलं की सांध्यांचं निम्मं पुस्तक वाचून झालं.

बाभूळ, साग आणि एक हट्टी अंजन

इथे लाकूड निवडायचं शास्त्र फार जुनं आहे. चाकाला बाभूळ, कारण ती चिवट, धक्के खाते आणि बांधाबांधावर उगवते. घराला आणि फर्निचरला साग, कारण तो कमी आकसतो, वाळवीला आवडत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. कडुनिंबाला कीड लागत नाही. आणि सातपुड्याच्या बाजूला मिळणारा अंजन! भारतातल्या सगळ्यात जड, सगळ्यात कठीण लाकडांपैकी एक. त्यात आधी भोक न पाडता खिळा ठोकायला जा, खिळाच वाकतो. शिकाऊ माणसाने अंजनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. पहिल्या ब्रेकअपनंतर लगेच एव्हरेस्ट चढायला निघाल्यासारखं होईल ते.

वखारीत जायला घाबरू नका. खान्देशात, किंबहुना महाराष्ट्रभर, बऱ्याच वखारी आणि सॉ मिल्स कच्छी पटेल कुटुंबांच्या आहेत. नवीन गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हमखास एकच येतो. धुळ्याकडे तो अहिराणीत येईल, 'काय करनं शे भाऊ?' मुलगी असाल तर 'ताई'. प्रश्नातला 'काय' महत्त्वाचा. कुठलं लाकूड, ते त्यानंतर. लाकूड घनफुटाने विकतात. हिशेब सोपा: लांबी, रुंदी, जाडी इंचात गुणा आणि 1728 ने भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे 576 घनइंच, बरोब्बर एक तृतीयांश घनफूट. हे फोनवर करून दाखवलंत की समोरच्याचा सूर बदलतो, अनुभव घेऊन बघा.

दर ऐकून डोळे पांढरे होतील, त्याला कारणं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर देशभरात जंगलतोडीवर आणि विनापरवाना सॉ मिल्सवर टाच आली. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, म्हणजे ते प्रसिद्ध 'बर्मा टीक'ही आटलं. त्यामुळे पाडलेल्या जुन्या घरांतलं सागवान सोन्याच्या भावाने जातं. जुनं सागवान घ्या, जरूर घ्या. अनेक उन्हाळे पचवलेलं लाकूड आता फारसं वाकडं होत नाही. पण कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत लपलेला एक जुना खिळा तुमच्या नव्या ब्लेडचे दात पाडायला पुरतो. आणि सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, तेव्हा गाडीत फळी टाकून निघण्यापूर्वी वखारीची पक्की पावती खिशात हवी.

आता ब्लेड

लाकूड हातात आलं, की दातांचं कोडं आपोआप सुटायला लागतं. लांबीच्या दिशेने चिरायचंय? मग दात कमी, मोठे, आणि त्यांच्यामधल्या खाचा खोल, म्हणजे लांब भुसा बाहेर पडतो. सात-सव्वासात इंची सर्क्युलर सॉवर 24 दात या कामाला पुरतात. आडवं कापायचंय? मग तंतू तुटले पाहिजेत, फाटता कामा नयेत. दात जास्त हवेत. एकच ब्लेड घ्यायचं असेल तर 40 दातांचं घ्या, शिकाऊ माणसाचं ते मधलं पान आहे. प्लायवूडच्या वरच्या पातळ थराचे तुकडे उडू नयेत म्हणून 60. आणि 60 दातांनी जाड साग लांबीत चिरायला गेलात, तर कापला न जाता जळेल. काळ्या कडा आणि घरभर वास. दोष मशीनचा नसतो.

सागाच्या पोटात सिलिका असते, वाळूच असते म्हणा ना. ती साध्या पोलादाची धार पटकन खाते. म्हणून ब्लेडवर 'टीसीटी' ही अक्षरं बघा. टंगस्टन कार्बाइडची टोकं जोडलेली असतात, महाग असतात, पण टिकतात. शिवाय प्रत्येक काप दोन-तीन मिलिमीटर लाकूड भुशात घालवतो. दहा काप घेतलेत की इंचभर साग गेला. माप घेताना रेषेच्या कुठल्या बाजूने ब्लेड चालवायचं, हे पेन्सिलीने फुली मारून ठेवा.

आता थोडं गंभीर होऊ या. आपल्याकडे साइटवर गेलात तर चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावलेलं दिसेल. गार्ड काढून टाकलेला, एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने किंवा पायाने लाकूड धरलेलं. स्वस्त पडतं, पटकन होतं, सगळेच करतात. तुम्ही करू नका. ग्राइंडर घासण्यासाठी बनवलेला आहे, त्याचा वेग प्रचंड आणि त्याला लाकडावर टेकणारा सपाट तळ नाही. दात लाकडात अडकला, की मशीन उलटं उसळतं. उसळलेलं मशीन कुणाचंही ऐकत नाही, दहा वर्षांच्या मिस्तरीचंही नाही. मार्बल कटर निदान तळ टेकवून चालतो, पण त्याच्या ब्लेडचं मधलं भोक 20 मिलिमीटर, ग्राइंडरच्या चकतीचं 16. 'बसतंय की, थोडं सैल आहे' असं म्हणत एकाचं ब्लेड दुसऱ्यात बसवलेलं मी बघितलंय. ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच असला पाहिजे, एवढी एक ओळ वाचायला पाच सेकंद लागतात. कीबोर्डवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना दहाही बोटं लागतात, हे वेगळं सांगायला नको.

ब्लेड लाकडाच्या खाली साधारण एका दाताएवढंच दिसेल इतपत खोली ठेवा. चिरताना फट मिटून ब्लेडला चावायला लागली, तर फटीत पाचर घाला. हो, तीच. रथाच्या चाकाखालची नव्हे, पण जातकुळी एकच.

बिट्सचा मोह

धुळ्यात आग्रा रोडवर आणि आसपासच्या गल्ल्यांत फिरायला मजा येते. इथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं आणि नव्या वसाहतीची आखणी केली. सरळ रेषांची आवड या गावाला तेव्हापासूनची. सुताराला आवडावं असंच गाव आहे.

हार्डवेअरच्या दुकानात राउटर बिट्सचा लाकडी डबा उघडून समोर ठेवतात. मखमलीत बसवलेले पंधरा-तीस चकचकीत बिट्स, दागिन्यांसारखे. (जळगावच्या सराफ्यातून आलेल्या माणसाला हा मोह जास्त होतो.) घेऊ नका. त्यातले निम्म्याहून जास्त कधीच वापरले जाणार नाहीत. तीन सुटे, चांगले घ्या: खाच पाडायला सरळ बिट, कडा गोल करायला राउंडओव्हर आणि टोकाला बेअरिंग असलेला फ्लश ट्रिम, जो एका आकाराबरहुकूम दुसरा आकार कापतो.

आणि दांडा मोजून घ्या. आपल्याकडे 6 मिलिमीटर आणि पाव इंच, असे दोन्ही दांडे सर्रास मिळतात. पाव इंच म्हणजे 6.35. फरक एका नखाएवढाही नाही. पण पाव इंची कॉलेटमध्ये 6 चा बिट घट्ट पकडला जात नाही, आणि मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरणारा बिट निसटला तर तो कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. दुकानदाराकडे व्हर्नियर असतो. मागायला लाजू नका. बिट बसवताना तळापर्यंत ढकला आणि मग दोन मिलिमीटर मागे घ्या, म्हणजे कॉलेट नीट आवळतो. फळीच्या बाहेरच्या कडेवर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलट नेलात तर तोच तुम्हाला घेऊन पळेल. आणि दहा मिलिमीटरची खाच एका झटक्यात कधी नाही. तीन-तीन मिलिमीटर करत खाली जा.

पहिली वस्तू: पाट

व्हिडिओवाले पहिल्यांदा कॉफी टेबल करायला लावतात. मी म्हणते, पाट करा. आपला जेवायला बसायचा पाट. सागाची एक फळी, खाली दोन पट्ट्या, बस. पण त्या दोन पट्ट्यांमध्येच सगळी परीक्षा आहे. पाट रुंदीत आकसणार-फुगणार, पट्टी त्याला आडवी, म्हणजे ती लांबीत हलणारच नाही. दोन्हीला डिंक चोपडून आणि चार स्क्रू मारून एकमेकांना जखडलंत, तर दुसऱ्या उन्हाळ्यात पाट मधोमध तडकेल. जुने कारागीर पाटाच्या पोटात आडवी खाच पाडायचे, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि तशाच आकाराची पट्टी बाजूने सरकवायचे. कबुतराच्या शेपटीचा आकार, इंग्रजीत डोव्हटेल. पट्टी पाटाला वाकू देत नाही आणि हलण्यापासून अडवतही नाही. डिंक लावायचाच तर फक्त मधल्या दोन इंचांत.

म्हणजे बघा, आता खरेदीची यादी आपोआप तयार झाली. फळी चिरायला 24 किंवा 40 दातांचं ब्लेड. खाचेची वाट मोकळी करायला सरळ बिट, आणि ती तळाशी रुंद करायला एक डोव्हटेल बिट, म्हणजे तिनाचे चार झाले. मांडीला लागू नयेत म्हणून कडांना राउंडओव्हर. एक पटाशी, एक गुण्या, धार लावायला दगड. फ्लश ट्रिम पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. डोव्हटेल बिटला मात्र टप्प्याटप्प्याने खाली जाता येत नाही, पूर्ण खोली एकदमच कापावी लागते. म्हणून आधी सरळ बिटने बहुतेक माल काढून टाकायचा. आणि खाच जिथे फळीच्या कडेबाहेर पडते, तिथे एक टाकाऊ तुकडा घट्ट लावून ठेवा. तुकडे उडायचे ते त्याचे उडतील.

जायचं कधी? हिवाळ्यात. रथ बघायचा तर कार्तिकी एकादशीचा मुहूर्त. शिवाय भरिताची वांगी तेव्हाच बहरात असतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचतात, आणि एकसंध लाकूड कोरून केलेल्या त्या बडगीत एकही सांधा नसतो. जळगावला मुंबईहून रात्रीची गाडी धरा, सकाळी उतराल. तिथून धुळ्याला एसटी किंवा टॅक्सी. परतताना धुळ्याहून चाळीसगावची शाखा रेल्वे आहे, तिथून मुंबईची मेन लाइन. फळी चार फुटांपेक्षा लांब घेऊ नका, बर्थखाली जात नाही.

आणि फळी घरी आणल्यावर लगेच कापायला बसू नका. तुमच्या फ्लॅटच्या हवेत दोन-तीन आठवडे तिला उभी राहू द्या, भिंतीपासून थोडी लांब, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. तोवर टाकाऊ तुकड्यांवर खाच आणि पट्टीची जोडी पाच-सहा वेळा करून बघा. पट्टी हाताने ढकलून सरकली पाहिजे, पण पाट उलटा धरल्यावर खाली पडता कामा नये.